मग देवापुढे बसू कशी?

पत्र थोडक्यात : लिहिणाऱ्या ताई नागपूरच्या, वय ४७, शाळेत नोकरी. आई ७२ वर्षांची, महालातल्या जुन्या घरात राहते. ताई लग्नानंतर चार गल्ल्या पलीकडे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आईचे दोन्ही गुडघे आठ-नऊ वर्षांपासून दुखताहेत. अंगणातून ओट्यावर यायला तीन पायऱ्या आहेत. त्या चढताना आई खिडकीचा गज धरते, ताई लिहितात, "तेवढाच एक गज चकाकतो, बाकी सगळे गंजलेत." बीपी आहे, साखर आहे, रोजची पेनकिलर आहे. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलंय. पुण्याचा भाऊ म्हणतो, दिवाळीत दहा दिवस येतो, दोन्ही एकदमच उरकू, तेही रोबोटिक. शेजारच्या काकूंचं पाच महिन्यांपूर्वी झालं, त्या म्हणतात, "नको करू वो बाई, पस्तावशील." ताईंनी मोबाइलवर वाचलंय की पाचातली एक व्यक्ती ऑपरेशननंतर नाराज असते. आणि आईचं एकच पालुपद, "आता किती दिवस राहिले माझे? नको." ताई विचारतात, आईला तयार कसं करू? आणि करू का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना एक वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. दुसऱ्या पानाच्या शेवटी, कंसात, जाता जाता लिहिल्यासारखं आहे ते : (परवा म्हणाली, "मग देवापुढे बसू कशी गं मी?" आम्ही सगळे हसलो.)

त्या वाक्यावर येते. आधी आकड्यांचं बघू, कारण तुमची झोप त्या आकड्यांनी उडवलेली दिसते.

पाचातली एक नाराज, हे खरं आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये १७०० हून अधिक गुडघेबदल झालेल्यांना एका वर्षानंतर विचारलं, त्यात १९ टक्के लोक समाधानी नव्हते. हा अभ्यास २०१० सालचा. पण तो तिथेच थांबत नाही. नाराजीशी सगळ्यात घट्ट धागा कशाचा होता, तेही त्यांनी शोधलं. वयाचा नव्हता, गुडघ्याच्या कंपनीचाही नव्हता. ऑपरेशनआधी माणसाने मनाशी जे धरलं होतं ते पुरं झालं नाही, याचा होता. म्हणजे गुडघा नीट बसलेला, एक्स-रे सुरेख, टाके सुकलेले, आणि तरी माणूस खट्टू, कारण त्याला हवं होतं ते भलतंच काही होतं आणि ते कोणी विचारलंच नव्हतं.

आता शेजारच्या काकूंकडे पुन्हा जा. चहाला जा, चौकशीला जाऊ नका. त्यांना काय हवं होतं ते विचारा. रात्रीची ठसठस थांबावी एवढंच हवं होतं, की मांडी घालून भाजी निवडायची होती? व्यायामाला माणूस किती दिवस येत होता? आणि पाच महिने हा या ऑपरेशनचा मधलाच मुक्काम आहे, हेही धरून चाला. पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना आधीपेक्षा जास्त त्रास होतो, तिसऱ्या महिन्याच्या आसपास जरा उजाडतं, आणि सुधारणा वर्षभर होत राहते. काकूंचं दुखणं खोटं म्हणत नाही मी. वर्षानंतरही बऱ्यापैकी दुखत राहणारे लोक असतातच. वेगवेगळ्या अभ्यासांत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांपासून चौतीस टक्क्यांपर्यंत आढळलंय. पण एका काकूंवरून आईचं ठरवू नका. शेजारी एखादी खूश काकू असती तरी हेच सांगितलं असतं.

आमच्या घरचं एक सांगते. सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला, त्याला आता चौदा वर्षं होतील. ऑपरेशन उत्तम झालं. पाचव्या दिवशी घरी सोडलं, हातात गोळ्यांची पिशवी आणि कागद. व्यायाम कोण घेणार, किती दिवस घेणार, त्या दवाखान्यात कोणी बोललंच नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. "आराम करा" म्हणून त्यांना उशीवर पाय ठेवून निजवलं, तेही गुडघ्याखाली उशी घालून, जे करू नये. महिन्याभरात गुडघा लाकडासारखा झाला. मग धंतोलीतून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. सासूबाई कळवळायच्या आणि तिला नाही नाही ते बोलायच्या. शेवटी त्यांनी जपमाळ काढली. दहा वेळा दाबलं की एक मणी. माळ पुरी झाल्याशिवाय चहा नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. पुढच्या वर्षी कठडा धरून रामटेकचा गड चढल्या. पण मांडी घालून पुन्हा कधी बसल्या नाहीत.

आता आईचं वाक्य.

बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. खुर्चीतून उठायला, जिना चढायला, स्कूटरवर मागे बसायला तेवढं भरपूर झालं. पाटावर मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतं, शिवाय गुडघ्याला पीळ पडतो. एखाद्याला जमतं, पण बहुतेक सर्जन तसं बसू नका म्हणूनच सांगतात. म्हणजे तुम्ही सगळे हसलात तेव्हा आईने अख्ख्या घरातला सगळ्यात मुद्द्याचा वैद्यकीय प्रश्न विचारला होता. तुम्ही लिहिलंय की ती रोज सकाळी वीस मिनिटं पाटावर बसते आणि उठताना देव्हाऱ्याच्या कपाटाची कडी धरते. तुमचे बाबा गेल्यापासून तिच्या दिवसातली ती वीस मिनिटंच पूर्णपणे तिची असतील, तर ती सोडून तिला काय मिळणार, हे तिला कोणी सांगितलंय का?

म्हणून "आईला तयार कसं करू" हा प्रश्न मला पटत नाही. तिचं "नको" तुम्ही सगळे भीतीच्या खात्यात टाकून मोकळे झालात. मला त्यात तीन-चार वेगवेगळे "नको" ऐकू येतात. देवापुढे बसता येणार नाही, हे एक. तुझ्यावर भार नको, हे दुसरं. दिवाळीनंतर भाऊ पुण्याला जाईल आणि बेडपॅन कोण धरेल हे तिला तुमच्याआधी कळलेलं असतं. पैसे, हे तिसरं. आणि "किती दिवस राहिले" हे चौथं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. सगळ्यांवर "अगं, काही होत नाही" एवढंच म्हटलं की कुठल्याच "नको"ला उत्तर मिळत नाही.

चौथ्याला आकड्यांत उत्तर देता येतं. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ साली हिशेब मांडला गेला, त्यात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी ८२ टक्के २५ वर्षं टिकले. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात सत्तरी ओलांडल्यावर गुडघा बदललेल्यांना उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास निघाली. पन्नाशीच्या सुरुवातीला करून घेणाऱ्या पुरुषांत तीच ३५ टक्के. म्हणजे "पंधरा वर्षांनी पुन्हा चिरफाड" ही भीती आईच्या वयाला लागू नाही. जिवाच्या जोखमीचं म्हणाल, तर इंग्लंड-वेल्समध्ये गुडघेबदलानंतर ४५ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण २०११ पर्यंत हजारात दोन इतकं खाली आलं होतं. आईचं वय, बीपी आणि साखर धरली तर तिचा आकडा वेगळा असू शकतो, तो तिच्या डॉक्टरांनीच सांगायचा. पण बहात्तर हे काही गुडघ्याचं दार बंद होण्याचं वय नव्हे.

उलटी बाजूही आहे. "अगदीच चालता येईना तेव्हा बघू" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, जणू थांबायला काही पडत नाही. ऑपरेशनला जाताना माणूस जितका खचलेला, मांड्यांचे स्नायू जितके सुकलेले, तितकं नंतरचं हिंडणंफिरणं कमी भरून येतं, असं अभ्यासांत दिसलंय. तेव्हा नाही म्हणायचं तर विचार करून म्हणावं. नुसती दिवाळ्यांवर दिवाळ्या जाऊ देऊ नयेत.

पण ऑपरेशन आणि काहीच नाही, एवढे दोनच रस्ते तुम्ही धरलेत. तिसरा आहे, आणि तो आईने अजून चाललेला नाही. तुम्ही लिहिलंय, "फिजिओ करून झाली, दहा दिवस शेक घेतला." ताई, शेक म्हणजे फिजिओ नव्हे. डेन्मार्कमध्ये गुडघेबदल करायला योग्य ठरलेल्याच १०० जणांना घेऊन एक चाचणी झाली, २०१५ साली छापून आली. पन्नास जणांचा गुडघा बदलला आणि मग १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहार, समजावणं वगैरे; उरलेल्या पन्नास जणांना फक्त ते १२ आठवडे. वर्षानंतर ऑपरेशनवाल्या गटात ८५ टक्के लोकांना लक्षात येण्याजोगा फरक पडला होता, नुसत्या व्यायामाच्या गटात ६८ टक्के. ऑपरेशनचा फायदा मोठा होता, यात वाद नाही. पण गंभीर गुंतागुंतीही तिकडेच जास्त, २४ विरुद्ध ६. आणि व्यायामवाल्या पन्नासांपैकी १३ जणांनीच वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं. मला यातून एवढंच दिसतं की बारा आठवडे खरा व्यायाम केल्याने आईचं काही जात नाही. पुढे ऑपरेशन ठरलंच, तरी तेच स्नायू नंतर कामी येतात.

त्या बारा आठवड्यांत काय? मांडीच्या पुढच्या स्नायूचा आणि कमरेचा व्यायाम, आठवड्यातून निदान दोनदा माणसाच्या देखरेखीखाली. जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात काठी. आपल्याकडे हटकून दुखऱ्या बाजूलाच धरतात. वजन थोडंही उतरलं तरी चांगलं, कारण अंगावरचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार कमी होतो. चालणं सकाळी सहाला किंवा दिवेलागणीनंतर. एप्रिल-मेच्या नागपुरी दुपारी कोणी तिला बाहेर काढणार नाही हे गृहीत धरते. आणि ती रोजची पेनकिलर. बीपी आणि साखर असलेल्या माणसाने ती मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं खाणं किडनीला महागात पडू शकतं. या आठवड्यात किडनीसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. हे गुडघ्यापेक्षाही आधी.

या काळात कोणी ना कोणी वेगळं काही सुचवेलच. दुर्बिणीतून गुडघा "साफ" करणं : अमेरिकेत २००२ साली खोट्या ऑपरेशनशी तुलना करून पाहिलं, झिजेच्या दुखण्याला फायदा दिसला नाही. रक्तातून काढलेलं पीआरपी इंजेक्शन : ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन : दोन वर्षांनी दुखणं मिठाच्या पाण्याइतकंच, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, मात्र जास्त झिजलेली. गुडघ्यांच्या नावाने घराघरांतून जाणारा पैसा यातच मुरतो.

आता भाऊ. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण भावाची सुट्टी दहा दिवसांची आहे आणि गुडघा निदान तीन महिन्यांचा. अकराव्या दिवशी शाळेतून दुपारी धावत महालात कोण येणार आहे, ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे, फक्त बोललं गेलेलं नाही. पैसे त्याने आणि हात तुम्ही, अशी वाटणी असेल तर ती मोकळेपणाने ठरवा. बारा आठवडे मदतीला ठेवायच्या बाईचा आणि फिजिओचा खर्च त्याच्या खात्यात घाला. रोबोटपेक्षा तो जास्त कामाचा. रोबोटमुळे हाड अचूक कापलं जातं म्हणतात, ते खरंही असेल. पण दक्षिण कोरियात १४०० वर रुग्णांना दोन गटांत वाटून दहा वर्षांहून जास्त काळ बघितलं, तर दुखणं, चालणं, गुडघा टिकणं यांत फरक आढळला नाही. यंत्रं त्यानंतर बदललीत, कबूल. मी तरी रोबोटपेक्षा सर्जन वर्षाला किती गुडघे करतात ते आधी विचारेन.

दोन्ही एकदम करण्याचा मोह समजतो. एकदाच भूल, एकदाच हॉस्पिटल, एकदाच सुट्टी. धडधाकट माणसात ते करतातही. पण सत्तरीपुढे, बीपी-साखर असताना, दोन्ही एका बैठकीत केले की हृदयाचा, फुप्फुसांचा आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. अटलजींचे गुडघे आपल्याला आठवतात. ब्रीच कँडीला डावा झाला ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. पंतप्रधान असूनही एका वेळी एकच! शिवाय एकाचं करून सहा-आठ महिने गेले की आईला स्वतःला कळेल, दुसऱ्याचं करायचं की नाही.

आणि दिवाळीची तारीख धरूनच बसू नका. तुम्ही कळवलेली आईची तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) ८.९ आहे. बदललेल्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण एकूण शंभरात एकाच्या आसपास, पण झाला की तो फार वाईट, आणि वाढलेली साखर त्याला आमंत्रण देते. बरेच सर्जन ती सरासरी आठच्या, काही तर साडेसातच्या खाली यायची वाट बघतात. तुमच्या डॉक्टरांनी हा विषय काढलाच नसेल तर तुम्ही काढा. हिरड्या-दात दाखवून घ्या. दुसरं मत घ्यायला लाजू नका. सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे, मिहानला एम्स आहे. जाताना उभं राहून काढलेला एक्स-रे न्या आणि खुबा आणि कंबर तपासायला सांगा, कारण खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात बोलतं.

पैशांचं थोडक्यात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला मर्यादा घातली; तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांध्याचा दर जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरला होता. पुढे दर बदलत गेले, पण मर्यादेची पद्धत आहे. त्यामुळे कोटेशनमध्ये इम्प्लांट वेगळं लिहून मागा, डिस्चार्जच्या वेळी त्याचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. आईची सत्तरी उलटली आहे, तेव्हा उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं. कुठल्या हॉस्पिटलात गुडघ्याला चालतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

एक नाजूक गोष्ट. बाबा गेल्यापासून आई टेकडी गणपतीला गेलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय, आणि कारण गुडघे दिलंय. गुडघे असतीलच. पण गुडघे तर त्याआधीही पाच-सहा वर्षं दुखत होते आणि ती जात होती, बाबांच्या स्कूटरवर मागे बसून. मन खचलेलं असलं की ऑपरेशननंतरचं दुखणं जास्त रेंगाळतं, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. आणखी एक दिसलंय : गुडघा बदलला, दुखणं गेलं, म्हणून माणसं आपोआप जास्त हिंडू लागत नाहीत. बसायची सवय लागलेली असते. तेव्हा सोबतीचं बघा. येत्या संकष्टीला तुम्हीच तिला स्कूटरवर घेऊन जा, पायथ्याशी बसून परत आलात तरी चालेल.

आणि यातलं काहीही ठरवायच्या आधी सुताराला बोलवा. देव्हारा कमरेच्या उंचीवर येईल असं लाकडी स्टँड करून घ्या, समोर हातांची भक्कम खुर्ची, बैठक अठरा-एकोणीस इंचांवर, म्हणजे उठताना कडी धरावी लागणार नाही. ओट्याच्या तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा, संडासात कमोड आणि दांडी, रात्री उठल्यावर उजेड. ऑपरेशन झालं तरी हे लागेल, नाही झालं तरी लागेल.

मग पंधरा दिवस आईला खुर्चीत बसून पूजा करू द्या. मध्ये काही विचारू नका. कदाचित ती म्हणेल, "मन लागत नाही गं," आणि पाट पुन्हा मांडेल. मग हे तिचं उत्तर आहे, आणि बारा आठवड्यांचा व्यायाम, काठी, कठडा यावर ती आपली वर्षं काढू शकते, तुम्ही तिला भित्री न म्हणता. किंवा एखाद्या सकाळी ती खुर्चीतून आपली आपण उठेल आणि विचारेल, "ते डॉक्टर म्हणत होते, त्यात जिना चढता येतो का गं?" तेव्हा फोन भावाला करण्याआधी तिच्याजवळ बसा आणि तिला काय काय करायचंय ते तिच्या शब्दांत कागदावर लिहून घ्या. तोच कागद सर्जनच्या टेबलावर ठेवून विचारा, यातलं काय होईल आणि काय होणार नाही.

खिडकीचा तो गज मात्र सुताराला हलवून बघायला सांगा. इतकी वर्षं तिचा भार घेऊन तो ढिला झाला असेल.